लंकेसाठी थापलेल्या भाकरी

माझा नवरा लंकेला गेला तेव्हा मी पंचविशीची होते. तो परत येणार नाही हे कळलं तेव्हा तिशी उलटली होती. मधली वर्षं मी सासूबरोबर भवानी पेठेतल्या एका खोलीत काढली. कोणाला शिक्षा द्यायची असेल तर ती खोली आणि ती सासू द्यावी.

नवरा मिलमध्ये जॉबर होता. म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करायचा आणि उरलेला वेळ कामगारांवर ओरडायचं. कोलंबोकडच्या एका कापड गिरणीला अशी माणसं हवी होती. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेला. आधी पैसे आले, मग कमी आले, मग आलेच नाहीत. घरात मूल नव्हतं. बोळात कुणाच्या बारशाचं आवतण आलं की सासू आवतण देणारीला माझ्यासमोर सांगायची, "मी येते की. हिला नको. पाळण्याला दृष्ट लागंल."

त्याच गिरणीत काम करणारा आमच्याकडचा एकजण पुढं परत आला. दारात उभं राहूनच त्यानं सांगून टाकलं, "वैनी, त्यानं तिकडं बाई ठेवलीय. एक पोरगी बी हाय. म्हणालाय, तिला सांग, माझी वाट बघू नको."

सासूनं विचारलं, "पोरगी कुणावर गेलीय?"

"त्याच्यावरच."

सासू माझ्याकडं वळली. "बघितलंस? माझ्या पोरात खोट न्हवती."

मी भाकरी थापत होते. थापत राहिले. भाकरी हाच माझा धंदा होता. आमच्याकडं कडक भाकरी करतात. पापडासारखी पातळ थापायची, वर तीळ लावायचे, तव्यावर शेकायची आणि मग निखाऱ्याच्या कडेला उभी करून पार वाळवायची. महिने महिने टिकते. चार दुकानांत मी भाकरी देत होते आणि सासूचं पोटही त्यावरच चालत होतं. ती खाऊन झाल्यावर म्हणायची, "तीळ करपलाय."

एका दुकानात मोहोळचा एक विधुर माझ्या भाकरी घ्यायला यायचा. त्याची पिठाची गिरणी होती. त्यानं दुकानदारामार्फत विचारलं, पाट लावशील का? प्रेमबीम काही नव्हतं. माणूस कमी बोलायचा, दात बरे होते आणि त्याला आई नव्हती. मला एवढं पुरेसं होतं.

पण आमच्या जातीत पाट लावायचा, म्हणजे बाईनं दुसरं लग्न करायचं, तर आधी काडीमोड व्हावी लागते. पंचांसमोर नवऱ्यानं काडी मोडायची. मोडली की बाई मोकळी. बायकोनं मोडून चालत नाही आणि निरोपावर तर मुळीच चालत नाही. मी पंचांकडं गेले. पाचही जण म्हातारे, देवळाच्या ओट्यावर बसलेले. मी सांगितलं, त्यानं निरोप पाठवलाय, मला मोकळं करा.

त्यांच्यातला सगळ्यात मोठा, त्याला सगळे अप्पा म्हणत, तो म्हणाला, "निरोपानं काडी मोडती व्हय? त्याच्या हातानं मोडाय पायजे."

"तो लंकेत हाय, अप्पा."

"मग जा की लंकेला." ओट्यावर सगळे हसले.

"जाते," मी म्हणाले. "तिकडं गिरणीत आपल्याकडची माणसं हायत. त्यांच्यासमोर त्यानं मोडली तर चालंल का?"

अप्पानं इकडंतिकडं पाहिलं. "चालंल. तुकडे घिऊन ये." आणि गंमत वाढवायची म्हणून त्यानं कोपऱ्यातल्या सरपणातली एक तुरकाटी उचलली, वीतभर मोडली, देवापुढची हळद लावली आणि माझ्या हातात दिली. मी जाणार नाही याची त्यांना खात्री होती, म्हणून इतक्या सहज हो म्हणाले. मी तुरकाटी पदरात बांधली.

संध्याकाळपर्यंत बोळभर झालं. एक म्हणाली, "सीतेला पळवून न्यावं लागलं. ही तिकीट काढून निघाली." दुसरी म्हणाली, "जाऊ दे की, रावणाला बी भाकरी लागत असंल." सासू जोत्यावर बसून सगळ्यांना सांगत होती, "नवरा सोडाय निघालीय. लोकं धराय जात्यात, ही सोडाय." मी त्यांच्यासमोरून पाणी भरून आणलं आणि दार लावलं.

मग मी रस्ता शोधायला लागले. स्टेशनवर चौकशीच्या खिडकीवर गेले. आतल्या माणसाला वाटलं मी चुकून आले. "बाई, पंढरपूर का?" म्हणाला. मी म्हटलं, कोलंबो. त्यानं चष्मा वर केला. पण सांगितलं. एकदा कळलं नाही म्हणून परत गेले, परत सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडला, पण तिसऱ्यांदा मला पाठ झालं. मद्रास मेल इथूनच जाते. गुलबर्गा, वाडी, रायचूर, गुंतकल, रेणिगुंटा, मद्रास. मद्रासला उतरून दुसऱ्या स्टेशनावर जायचं, ते चालत जाता येतं. तिथून लहान रुळाची गाडी रामेश्वरला. रामेश्वरहून बोट. बोट जिथं लागते तिथंच लंकेची गाडी उभी असते, ती कोलंबोला नेते. तिसऱ्या वर्गाला नुकतंच दुसरा वर्ग म्हणायला लागले होते. बाकं तीच लाकडी होती.

रायचूरपर्यंत माझं कानडी चालणार होतं. त्यापुढं तेलुगू. शेजारची विड्या वळणारी तेलुगू होती, तिच्याकडून मी 'पाणी', 'केवढ्याला', 'बायकांचा डबा कुठं' आणि 'हात काढ' एवढं शिकले. तिनं शिव्याही शिकवल्या. "अक्का, ह्या जास्त कामाला येतील," म्हणाली. मद्रासच्या पुढची भाषा आमच्या पेठेत कुणालाच येत नव्हती. तिथून पुढं मी बोटांनी बोलणार होते.

परत आलेल्या माणसानं सांगितलं होतं की लंकेत खायची टंचाई आहे, पावाला रांगा लागतात. आपल्याकडून पैसे नेण्यावरही बंधन होतं, आणि बंधन नसतं तरी माझ्याकडं नेण्याइतके नव्हते. म्हणून ठरवलं, जाता-येता आणि तिकडं राहीपर्यंत एक दाणा विकत घ्यायचा नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि स्टेशनचं पाणी. पोटाला जमतं का हे बघायला घरात एक आठवडा तेवढंच खाल्लं. दोन दिवस पोट दुखलं, मग गप्प बसलं. रात्री आडवं न होता भिंतीला टेकून, गाठोडं गुडघ्याखाली धरून झोपायची सवय केली. सासू अंधारातून विचारायची, "आली का गं लंका?"

भाकरीचा भरलेला पत्र्याचा डबा डोक्यावर घेऊन मी एकदा स्टेशनपर्यंत चालत गेले आणि परत आले. मान दुखली. मग डब्याऐवजी दोन पिशव्या केल्या.

पासपोर्टसाठी कोर्टापुढं बसणाऱ्या एका कारकुनाकडून अर्ज भरून घेतला. पुढं चौकशीला पोलीस आला. तरुण पोरगा, पण बोलायला तयार. खोलीत नजर फिरवली, सासूनं पुढं केलेला चहा घेतला.

"नवरा कुठं असतो?"

"लंकेत."

"म्हणजे आणायला चाललीस."

"सोडायला."

त्यानं बशीतला चहा थांबवला. सासू म्हणाली, "लिवा की सायेब, डोकं फिरलंय म्हणून लिवा."

"डोकं फिरल्याला रकाना न्हाई, आजी," तो म्हणाला. बरा होता पोरगा. पासपोर्ट आला. फोटोत मी चोर दिसत होते.

मोहोळवाल्याला दुकानात भेटून सांगितलं, दसऱ्यानंतर निघते. तो म्हणाला, "काडी मोडून आण, मग बघू." मग भाकरी पिशवीत भरता भरता म्हणाला, "बोटीत डोळे मिटून बस. उलटी होत न्हाई." एवढंच त्याचं गोड बोलणं. मला ते पुष्कळ वाटलं.

नवरात्रात मी भाकरी थापायला बसले. दुकानांच्या वेगळ्या, माझ्या वेगळ्या. माझ्या भाकरी मी जास्त वाळवल्या, कारण समुद्रावर हवा ओली असते असं ऐकलं होतं. चळत एवढी झाली की सासूच्या खाटेच्या उंचीला आली. एकावर एक ठेवताना काचेसारखा आवाज यायचा. तिकीट काढलं. तुरकाटी चोळीच्या आतल्या खिशात शिवून टाकली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नवरा आला.

मद्रासकडून येणाऱ्या मेलनंच आला. लंकेच्या गिरणीतल्या आमच्याकडच्या दोघांनी त्याला टांग्यातून उतरवलं आणि दारात बसवलं, पोतं ठेवावं तसं. उजव्या अंगावरनं वारं गेलेलं. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्या दोघांनी सांगितलं की तिकडच्या बाईनं महिनाभर बघितलं आणि मग याला बोटीत बसवून दिलं. मी म्हटलं, शहाणी आहे. मी जो रस्ता पाठ केला होता, तो सगळा तो उलटा करून आला होता. भाडंही गिरणीनं दिलं.

सासू त्याच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "तुझ्यामुळंच. काडी घिऊन फिरत हुतीस, लागली त्याला."

मी चोळीची शिवण उसवली, तुरकाटी काढली आणि पंचांना बोलवून आणलं. आता तर लंकेला जायचीही गरज नव्हती. माणूस समोर होता, पंच समोर होते. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे.

पंच खोलीत मावेनात. दोघे दारातच उभे राहिले. बाहेर बोळ जमला. अप्पानं तुरकाटी नवऱ्याच्या उजव्या हातात ठेवली. ती खाली पडली. परत ठेवली, बोटं दाबून धरली. परत पडली.

मी म्हटलं, "डाव्या हातानं मोडू द्या. डावा चांगला हाय."

अप्पानं मान हलवली. "डाव्या हातानं शुभकार्य होत न्हाई."

"काडीमोड काय शुभकार्य हाय, अप्पा?"

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. अप्पाला राग आला. "रीत ती रीत. उजवा हात. तुला रीत शिकवाय बोलावलं न्हाई."

"मी तुमाला बोलावलंय."

तेव्हा दुसरा एक पंच मऊ आवाजात म्हणाला, "त्याला तर विचारा, मोडायची हाय का."

सगळे नवऱ्याकडं बघायला लागले. त्याला बोलता येत होतं, शब्द ओले यायचे पण कळायचे. त्यानं आईकडं बघितलं, मग चुलीजवळच्या भाकरीच्या चळतीकडं. माझ्याकडं नाही.

"मोडून मी कुटं जाऊ?" तो म्हणाला.

पंच उठले. अप्पा चप्पल शोधता शोधता मला म्हणाला, "देवानं घरी आणून दिला, बाई. लंकेला जायाचं वाचलं तुझं." आणि हे तो खरंच माझं भलं झालं अशा आवाजात म्हणाला.

शेजारची तेलुगू बाई भिंतीपलीकडून शिव्या देत होती. कुणाला ते तिनं सांगितलं नाही. त्या भाषेतल्या शिव्या आता मला कळत होत्या.

तुम्ही विचाराल, तरी निघून का गेले नाही. कुठं जाणार होते? पाट काडीशिवाय लागत नाही. मोहोळवाला चार दिवसांनी आला. दारातून आत बघितलं, खाटेवर कोण आहे ते बघितलं. चप्पल काढली नाही. "बरं, येतो," म्हणाला. संक्रांतीच्या आत त्यानं सांगोल्याची बायको केली. दुकानातून भाकरी मात्र माझ्याच नेत राहिला, हे मला दुकानदारानं मुद्दाम सांगितलं.

तिकीट परत केलं. थोडे पैसे कापून घेतले. तुरकाटीनं नवऱ्याच्या अंघोळीचं पाणी तापवलं. वीतभर काडी, काय तापणार, पण चुलीत ती मी वेगळी घातली आणि ती जळेपर्यंत बघत बसले.

उरल्या लंकेच्या भाकरी. दुकानांना देण्याजोग्या नव्हत्या, फार कडक झाल्या होत्या. त्या त्यालाच घालायच्या असं मी ठरवलं. दुधात भिजवून दे, असं सासू म्हणाली. मी भिजवल्या नाहीत. अख्खी भाकरी ताटात ठेवली, बाजूला चटणी ठेवली आणि समोर बसले.

त्यानं डाव्या हातानं भाकरी उचलली, मांडीवर टेकवली आणि अंगठ्यानं दाब दिला. कट्‌ करून मोडली. दोन सरळ तुकडे. मग त्यातल्या एकाचे आणखी दोन केले आणि चटणीला लावले.

सासूचा चेहरा उजळला. "बघ की! हात चालाय लागला माझ्या लेकराचा."

"व्हय," मी म्हणाले, "डावा." आणि दुसरी भाकरी पुढं सरकवली.