स्प्रिंगचा डबा अन् दोन बोटं

माझं तोंड खराब आहे, हे झाडीतल्या सगळ्या नाटक कंपन्यांले माहीत आहे. म्हणून आमच्या गिटारवाल्या लटारूभाऊबद्दल कोणाले काही विचाराचं असलं का लोक दुसऱ्याले विचारतात, मले नाई विचारत. दुसऱ्याले काय माहीत, कप्पाळ! इतकी वर्षं त्याच्यासमोर उभी राहून गायली कोण?

मी अन्नपूर्णा. वडशाच्या एका नाटक कंपनीत आईचं काम करते. आधी नायिका होती, मंग वहिनी झाली, आता आई. दुसऱ्या अंकात माझं पोरगं मरते अन् मी गाणं म्हंते. ते गाणं लटारूभाऊच्या गिटारवर चालते. वाजवणारे मंचासमोरच्या खड्ड्यात बसतात, त्यामुळं त्यांचे हात मले वरून सरळ दिसतात. प्रेक्षकाले दिसत नाई.

लटारू सिंदेवाहीकडचा. पावसाळ्यात धान, दिवाळीनंतर गिटार. त्याची बायको आशाबाई म्हंते, "माह्या घरी नवरा धान रोवण्यापुरता येते." बोलाले कमी, जेवाले कमी, चहा मात्र कितीही द्या. चाळीस माणसांच्या कंपनीत हा माणूस कुठी बसला आहे, हे शोधा लागे. पण त्याचा आवाजाचा डबा कुठी आहे, हे सगळ्याले माहीत. डबा दिसला का त्याच्या बाजूले लटारू असणारच.

हा डबा त्याले बल्लारपुरात भेटला. तिथल्या एका कॉलनीच्या क्लबात गोव्याकडचा एक मास्तर गिटार वाजवे अन् लटारू त्याच्यापाशी शिकाले जाए. क्लब बंद पडला, मास्तर आपल्या गावाले निघाला, अन् जाताना हे ओझं लटारूच्या मांडीवर ठेवून गेला. परदेशी माल, लटारूच्या वयाचा. भुऱ्या रेक्झिनची पेटी, कोपऱ्याले लोखंडी पट्ट्या, वर चामड्याची मूठ, समोर तीन बटना. आत जुन्या रेडिओत राहाचे तसे काचेचे वॉल्व्ह, अन् खाली पत्र्याच्या पन्हाळात ताणलेल्या लांब, बारीक स्प्रिंगा. गिटारचा आवाज त्या स्प्रिंगांत शिरते, इकडून तिकडे पळते, अन् जरासा उशिरानं बाहेर येते. खोल विहिरीत हाक मारली का विहीर उलटून बोलते ना, तसं. आता हे काम मोबाइलएवढं यंत्र करते म्हणतात. करत असन. पण ते खोटं रडते. मले हंगामभर रोज रडा लागते, मले फरक कळते.

डबा नाजूक. मंचावर कोणी जोरात उडी मारली का स्प्रिंगा आदळाच्या अन् गडगडाट व्हाचा. म्हणून लटारू खड्ड्यात आधी धानाच्या तणसाची पेंढी अंथरे अन् त्यावर डबा ठेवे. प्रवासात सामानाच्या गाडीत तो डबा कधी गेला नाई. भामरागडकडचा रस्ता असो का जिवतीचा घाट, डबा आपला लटारूच्या मांडीवर. अन् वाजवाले बसाच्या आधी त्याच्यावर लाल कापड, हळदकुंकू, झेंडूचं फूल, एक अगरबत्ती. मी चिडवाची, "लटारूभाऊ, आशाबाईले कधी एवढं सजवलं काय जी?"

तो म्हणे, "आशाबाई आपोआप बोलते, बाई. याले बोलवा लागते."

मंग त्याले शुगर निघाली. डाव्या हाताची करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट हळूहळू सुन्न पडले. तार दाबली गेली का नाई, हे बोटाले समजेना, डोळ्यानं पाहा लागे. मले वरून दिसलं. आधी जिथं सुरांची नुसती धाव राहाची, तिथं तो आता तीन सूर वाजवे अन् थांबे. त्या थांबलेल्या जागी स्प्रिंगा वाजत राहाच्या. कोणाले पत्ता लागला नाई. उलट लोक म्हणाले लागले, लटारूचा हात आता खुलला! गावात नाटक ठेवणाऱ्या मंडळाचे लोक बुकिंग करताना विचारत, "तो विहिरीवाला आवाज आहे ना जी तुमच्या नाटकात?"

एकदा मी त्याले धरलंच. म्हटलं, बोटाले काय झालं?

"कोणाले सांगू नोका, बाई," तो म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुलदीपले समजलं तं माही जागा गेली."

कुलदीप म्हंजे आमचा मालक. बापाची कंपनी पोरानं सांभाळली. सदा कानाले मोबाइल, पण माणूस वाईट नाई. लटारूले पोटाची भीती नोहोती, घरी धान पिकते. त्याले खड्ड्यातली जागा पाहिजे होती. "घरी बसलो तं मी आशाबाईचा नवरा," म्हणे. "तिथी बसलो तं मी लटारू आहो." मी गप्प राह्यली. मी गप्प राहणं म्हंजे काय, हे मले ओळखणाऱ्याले विचारा.

यंदा दिवाळी झाली अन् वडशात नव्या नाटकाचा मुहूर्त ठेवला. दुपारची वेळ, तालमीचं शेड, गावोगावच्या मंडळांचे लोक बुकिंगसाठी आलेले. मुहूर्ताचा नारळ पाहुण्याच्या हातानं फोडाचा, ही रीत. मान देल्ला इसरूभाऊले. अहेरीकडच्या एका मंडळाचा अध्यक्ष, म्हातारा भला, देवभोळा, अन् हातात अजून रग. सगळं आणलं, नारळ फोडाले दगड आणाचा राह्यला. हे आमच्या कंपनीचं नेहमीचं. इसरूभाऊनं इकडंतिकडं पाह्यलं. समोर तणसावर, लाल कापडाखाली, हळदकुंकू लावलेलं, फूल वाह्यलेलं, अगरबत्तीचा धूर घेत काहीतरी बसलेलं. त्याले वाटलं, हेच कंपनीचं दैवत. त्यानं डोळे मिटले, हात जोडले, गोंडी रीतीनं "जय सेवा" म्हटलं, अन् डब्याच्या लोखंडी कोपऱ्यावर नारळ आपटला.

वॉल्व्ह तापाले डबा आधीच चालू करून ठेवला होता. नारळाचं पाणी सरळ आत. फट्! फट्! काच फुटली, जळका वास सुटला, अन् स्प्रिंगा एकदाच अशा गरजल्या का शेडचे पत्रे थरथरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांले वाटलं, कौल भेटला! इसरूभाऊनं खूश होऊन खोबऱ्याचा पहिला तुकडा लटारूच्या हातावर ठेवला. लटारूनं तो खाल्ला. दुसरं काय करन बापा?

इसरूभाऊचा काही दोष नाई. देवासारखं सजवून ठेवसान तं नारळ फुटनच.

कुलदीप म्हणाला, "होऊ द्या चालू, डब्याबिगर." पाहुणे नव्या नाटकातलं गाणं ऐकाले बसले होते, त्याचाही इलाज नोहोता. माझं गाणं आलं. मी पहिली ओळ म्हटली. लटारूनं आपले तीन सूर वाजवले अन् थांबला. थांबला, तं तिथी काहीच नाई. कोरी तार टक्कन वाजली अन् मेली. तो सवयीनं वाट पाहत राह्यला. मंग घाबरला अन् आधीसारखं भरभर वाजवाले गेला. बोटं घसरले. एक सूर असा निघाला का तबलेवाल्यानं मान खाली घातली. मी आवाज चढवला, झाकता येईन तेवढं झाकलं, पण उघडं पडलं ते पडलंच.

पाहुणे जेवाले बसले तेव्हा कुलदीपनं त्याले बाहेर नेलं. मीही मागं गेली, मले कोणी बोलावलं नोहोतं. लटारूनं आपणच हात समोर केला.

"दोन बोटं गेले, मालक."

"काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं बसू देल्लं असतं काय?"

कुलदीप म्हणाला, "यंदा गिटारवर त्या नव्या अंकुशले बसवतो, लटारूभाऊ. पण डबा पाहिजे. लोक त्याच्यासाठीच विचारून राह्यले."

मले असा राग आला! माणूस नको, माणसाचा डबा पाहिजे. म्हटलं, "वा रे मालक! कोंबडी हाकला अन् अंडे ठेवून घ्या!" लटारूनं मले हातानंच थांबवलं. "दुरुस्त करून आणतो," एवढंच म्हणाला.

चंद्रपुरात एक जुना रेडिओवाला अजून दुकान उघडून बसते. त्याच्यापाशी वॉल्व्ह सापडले. स्प्रिंगा सलामत होत्या. पुढच्या तालमीले लटारू डबा घेऊन हजर, तणससुद्धा घरून बांधून आणलं. आपल्या हातानं अंथरलं, वायरी जोडल्या, अन् मागं जाऊन भिंतीले टेकून उभा राह्यला. मले त्याच्याकडं पाहवेना.

अंकुश पंचविशीचा, दोन लेकरांचा बाप, तयार गडी. त्याचे बोटं तारेवर दिसतच नाईत, एवढे पळतात. त्यानं डब्यातून वाजवलं, अन् ऐकाले नुसता चिखल! एक सूर बाहेर येते न येते तं बाकीचे त्याच्या अंगावर. स्प्रिंगांले बोलाले जागाच नाई. कुलदीपनं तिन्ही बटना फिरवून पाह्यल्या. चिखल तो चिखलच.

"कमी वाजव ना गा," कुलदीप म्हणाला.

अंकुशनं घाम पुसला. "कमी कसं वाजवू, भाऊ? हात थांबतच नाई."

आणखी एकदा झालं, आणखी एकदा. शेवटी कुलदीपनं मोबाइल खिशात टाकला अन् मागं वळला. "लटारूभाऊ, तुमीच बसा जी. तो आवाज डब्याचा नोहोय, तुमचा आहे. बोटाचं काय व्हाचं ते होईन."

खरं सांगते, मले एवढा आनंद झाला का मी पदरात तोंड लपवलं. ज्या जागेसाठी हा माणूस जीव मुठीत धरून बसला होता, ते जागा मालकानं सगळ्यांसमोर आपल्या तोंडानं वापस देल्ली. जाय बापा, बस लवकर!

लटारू समोर आला. अंकुशनं उठून गिटार पुढं केली. लटारूनं घेतली नाई. त्याले खांद्याले दाबून खाली बसवलं. साउंडवाल्याच्या सामानातून काळी टेप काढली, अंकुशचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला, करंगळी अन् बाजूचं बोट दुमडलं, अन् वरून टेप घट्ट गुंडाळली.

"आता वाजव."

"लटारूभाऊ, काय करून राह्यले हे?" मी ओरडली. "तुमाले बसा म्हणून राह्यला ना तो!"

"यंदा बसलो तरी, बाई," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी तिसरं बोट जाईन. मंग हे कोण वाजवन?"

अंकुशनं वाजवलं. तीन सूर. हात पुढं धावाले गेला, टेपनं अडवला. अन् त्या थांबलेल्या जागी स्प्रिंगा बोलल्या. हुबेहूब लटारू. लटारूनं डोळे मिटून ऐकलं, एकदा मान हलवली, अन् उठला.

माझी ओळ आली. मी म्हणाले लागली, अन् दुसऱ्या ओळीत डोळ्यांतून धारा लागल्या. मूर्ख माणूस! समोर आलेलं ताट कोणी असं दुसऱ्याले वाढते काय? मी रडत रडत गाणं संपवलं. संपलं तं कुलदीप उभा राहून टाळ्या वाजवून राह्यला. "वा बाई! काय ॲक्टिंग!" सगळ्यांनी वाजवल्या.

लटारू दारात चपला घालत होता. वळून म्हणाला, "दुसऱ्या ओळीत सूर उतरला तुमचा, बाई. अंकुशसंगं रोज बसत जा." अन् सिंदेवाहीची गाडी पकडाले निघून गेला.