बाबांचा बोडका फोन

बोईसर स्टेशनजवळ माझं मोबाईल कव्हरचं दुकान आहे, आणि त्या दुकानाचा एक नंबरचा शत्रू माझ्याच घरी जेवतो. माझे सासरे, बळवंतबाबा. तुम्ही म्हणाल, हेमांगी, सासऱ्यांबद्दल असं बोलतात का? मी बोलते. मला आडपडदा जमत नाही.

त्याचं असं होतं. शेजारच्या सालवडचा एखादा कारखान्यातला कामगार दुकानात येतो. मी त्याला कव्हर दाखवते, ग्लास दाखवते, त्याचा फोन कंपनीच्या लोखंडी जिन्यावरून पडला तर काय होईल त्याचं असं वर्णन करते की त्याला घाम फुटतो. तो खिशात हात घालणार, इतक्यात चिंचणीच्या आमच्या घरून कशाला तरी आलेले बाबा स्टुलावरून आपला फोन वर धरतात. कव्हर नाही, ग्लास नाही, नुसता बोडका. "किती वर्सं वापरतोय. एक ओरखडा दिसतो काय बघ." गिऱ्हाईक निरखून बघतं. ओरखडा नसतोच. "चाचा सही बोल रहे हैं," म्हणून ते चालायला लागतं. आता सांगा, अशा माणसाला चहा पाजायचा का? मी पाजते, पण साखर कमी घालते.

दोष त्यांचा नाही, चिकूंचा आहे. चिंचणीला आमची चिकूची वाडी आहे, बाबांच्या वडिलांनी लावलेली. चिकू जमिनीवर पडला की संपला. वरून काही दिसत नाही, पण आतून मार बसलेला असतो, आणि पेटीत गेला की शेजारच्यांनाही घेऊन नासतो. म्हणून बाबा झाडावर चढायचे. काठीच्या टोकाला जाळी बांधलेला झेला घेऊन एकेक चिकू त्या जाळीत अलगद उतरवायचे. जन्मभर त्यांनी वस्तू पडू न देण्याचंच काम केलं. त्यामुळे कव्हर म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. "पडणारच असं जो आधीपासून धरून चालतो, त्यानं घ्यावं कव्हर. आमी वाडीवाले. आमच्या हातातून वस्तू सुटत नाय."

एकदा मला चांगली संधी आली होती. काम करताना फोन चिकूच्या पेटीत ठेवायची बाबांना सवय. पेटीत खाली पेंढा असतो, आणि चिकूला जे मानवतं ते फोनलाही मानवणार, असं त्यांचं गणित. एका दुपारी बोलण्याच्या नादात त्यांनी त्याच पेटीत फोनवर चिकू रचले, पेटी बांधली आणि फोन टेम्पोतून थेट वाशीच्या मार्केटला गेला. आम्ही घरभर शोधतोय, मी नंबर फिरवतेय, तर रात्री कुठे व्यापाऱ्याने फोन उचलला. "ताई, तुमचा एक चिकू सारखा वाजतोय हो!" परतीच्या टेम्पोने फोन घरी आला, आणि मेल्याला ओरखडाही नाही! बाबा गावभर मिरवले. मी म्हटलं, "अहो बाबा, पेंढा म्हणजे कव्हरच झालं की!" तर म्हणतात, "पेंढा परवासाला. हातात असताना नाय."

माझा नवरा मनीष एमआयडीसीत एका कंपनीत शिफ्टला जातो, पण बाबा अजून झाडावर चढायचे, म्हणून त्याचा जीव कायम तिथेच टांगलेला. बाबांनी सत्तरी ओलांडली तेव्हा एकदा जेवताना तो म्हणाला, "बाबा, आता वाडी ठेक्याने देऊन टाकू. रामकिसन ठेकेदार विचारतोय. झाडं त्याची माणसं सांभाळतील, चिकू तीच उतरवतील. तुम्ही आराम करा."

बाबांनी ताट बाजूला सारलं. खिशातला फोन काढून उंच धरला. "ज्या दिवशी हा माज्या हातातून सुटेल, त्या दिवशी मीच रामकिसनला बोलवीन. तोवर हा विषय काढायचा नाय."

तेव्हापासून बाबांची सगळी वाडी त्या बोडक्या फोनवर उभी होती. मी कव्हरवरून चिडवलं की ते हसायचे, पण फोन मुठीत गच्च धरलेला असायचा. मला दिसायचं ते.

आणि गेल्या महिन्यात एका दुपारी बाबा दुकानात आले. स्टुलावर बसले नाहीत. गिऱ्हाइकांच्या मागे रांगेत उभे राहिले, परक्यासारखे. पाळी आल्यावर फोन काउंटरवर पालथा ठेवला. मी तो उलटा केला. काच वरपासून खालपर्यंत तडकलेली.

खरं तर मी पेढे वाटायला हवे होते. पण मी आधी त्यांना स्टुलावर बसवलं.

"झाडावरून पडला?"

"नाय गो. ओट्यावर बसलो होतो. हातात होता, मग नव्हता. हाताला कळलंच नाय." त्यांनी आपला उजवा हात समोर धरून पाहिला. "काच बदलायला नाय आलो मी. यात रामकिसनचा नंबर हाय, तो दिसत नाय. तेवढा लावून दे. शब्द दिलाय."

मागे एक जण ग्लासचा भाव विचारत होता. त्याला मी असं काही "थांबा जरा!" म्हटलं की बिचारा पार रस्त्यावर जाऊन थांबला. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मला राग येतो.

"नाही लावणार," मी म्हटलं. "आज माझं ऐकायचं. ही एवढी कव्हरं कोण घेतं माझ्याकडून? फोन कपाटात ठेवणारे? बोटीवर जाणारे घेतात. टॉवरवर चढणारे घेतात. कव्हर घातलं म्हणजे फोन कामातून गेला असं तुम्हाला कोणी सांगितलं? काम करायचं असतं म्हणूनच घालतात ना!"

"मग मला कसलं कव्हर घालणार हायस?"

"झाडावर मी चढते. तुम्ही खाली उभं राहून झेला धरायचा."

बाबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू? अगो, तू स्कूटीवर बसतानासुद्धा घाबरतेस."

"घाबरते. पण बसते ना?"

मग ते हसले. मी काच बदलली, वर साधं करड्या रंगाचं कव्हर घातलं. "जाड हाय," म्हणून कुरकुरले, पण काढलं नाही. तसंच त्यांना डॉक्टरकडे नेलं. हाताची नस दबलीय म्हणाले, औषध आणि व्यायाम दिला.

संध्याकाळी बाबांनी स्वतःच मनीषला सगळं सांगून टाकलं. मनीष म्हणाला, "मग ठरलं तर. शब्द म्हणजे शब्द." मी म्हटलं, "एक रविवार बघ. मग रामकिसनला काय सांगायचं ते सांग."

रविवारी मी मनीषची जुनी पँट चढवून शिडीवर. मनीष शिडी धरून देवाचं नाव घेतोय. खाली बाबा, दोन्ही हातांनी झेला वर धरून, आणि तोंडाचा पट्टा चालू. "ती फांदी नको, ती कच्ची हाय. डावीकडची! अगो, डावा हात कुठला ते ठाव नाय काय?" मी तोडून सोडायची, ते झेलायचे. एकही चिकू भुईला लागला नाही. मनीष शिडी धरून कधी माझ्याकडे, कधी बाबांच्या हातांकडे बघत होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बघायला म्हणून खिशातून काढला आणि सटकला! माझ्या फोनला दुकानातलं सगळ्यात जाड कव्हर आहे. गच्चीवरून फेका, काही होणार नाही, असं मी रोज छातीठोकपणे सांगते. पण खाली सिमेंटचा पाट होता आणि मी "मेले! गेला!" म्हणून डोळेच मिटले. खाली आपटल्याचा आवाज काही आला नाही. डोळे उघडले तर फोन झेल्यात, चिकूंच्या मधोमध.

बाबांनी झेला खाली घेतला. दोन्ही हातांनी फोन काढून सदऱ्याला पुसला, उलटसुलट पाहिला. "हेमांगी, कव्हर एकदम मजबूत हाय गो तुजं."

मग मनीषकडे वळून अगदी गंभीर तोंड करून विचारलं, "मनीष, सूनबायच्या हातातून वस्तू सुटली. आता हिचं दुकान रामकिसनला ठेक्यानं द्यायचं काय रे?"

मनीष असा काही हसत सुटला की शिडी हलायला लागली. मी फांदीला मिठी मारून दोघांना मनसोक्त शिव्या घातल्या. हसू आवरल्यावर त्याने डोळे पुसले आणि बाबांना विचारलं, "दुसरा झेला कुठे ठेवलाय?"

"पडवीत, माळ्यावर," बाबा म्हणाले. "येताना माजा पंचा आण. मला पण एक कव्हर लागंल, डोक्यावर घ्यायला. ऊन लागतंय."