गळ्यातला देव आणि नवा फ्रीज

माझ्या हातून देव आजवर एकदाच हरवलाय, तोही घरातल्या घरात.

बीडहून टेम्पोत बसून आमच्या गल्लीतला पहिला फ्रीज आला. हार घातला, कुंकू लावलं, दार उघडलं, तर दारात सहा गोल खळगे!

"हे कशाला गं?" माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, म्हणाल्या.

"अंडी ठेवायला," माझी लेक उमा म्हणाली. (दहावी पास. जगातलं सगळं ठाऊक!)

"शिव शिव! लिंगायताच्या घरात?" आत्याबाईंनी खळग्यांत लगोलग घरात होती ती पाच लिंबं बसवली. फ्रीज शुद्ध झाला.

उमाला अंबाजोगाईला शिकायचं होतं, डॉक्टर व्हायचं होतं. आडवी आले होते ती मी! आमच्यात इष्टलिंग जन्मभर गळ्यातल्या डबीत. रोज तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय घास न्हाई.

"होस्टेलात चार दिवसांत लिंग हरवशील. मग आपण कोण, कुठले, हे तरी ध्यानात राहील का?"

"कावून हरवंल, आई?"

"हरवंल म्हंजे हरवंल!" (एवढा एकच मुद्दा होता माझ्याकडं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसले. लिंग तळहातावर घेतलं आणि आठवलं, रात्री बर्फ लावलाय! झाला असंल का? तशीच देवासकट उठले. ट्रे असा चिकटलेला, की ओढायला दोन्ही हात लागले. तेवढ्यात दूध उतू गेलं. धावले, पुसलं, आणि गळ्याला हात लावते तर डबी रिकामी!

पिठाचा डबा उपसला. गाद्या झाडल्या.

"काय हुडकतीस?"

"चमचा, आत्याबाई."

"गादीत?"

दुपारी ताट वाढलं. पूजा अर्धवट, जेवणार कशी?

"माझा उपवास हाय."

"कशाचा?"

"सोमवारचा."

"आज मंगळवार हाय!"

"कालचा राहिलेला!"

आत्याबाईंना माझी दया आली. "लई सुकलीस बघ. उमे, आईला लिंबाचं सरबत कर."

उमानं फ्रीज उघडला. "आज्जी, यातलं एक लिंबू पार काळं पडलंय!"

"फेकून दे उकिरड्यावर!"

मी किंचाळत अशी झेप घेतली, की ताट एकीकडं, आमटी दुसरीकडं आणि मी फ्रीजच्या दारात. खळग्यात महादेव गारेगार बसलेले!

आता माझी धडगत न्हाई, असं वाटलं. आत्याबाईंनी लिंग पदरानं पुसलं, कपाळाला लावलं.

"कैलासावर बी बर्फच हाय, त्यांना सवय असंल," त्या म्हणाल्या. "उमे, पेटी भर. घरात बसून हरवतंय, तर होस्टेलात जपंल."

आणि जपलं की! डॉक्टरीणबाई आजही पूजा केल्याबिगर पेशंट तपासत न्हाईत. आता तिची लेक होस्टेलात असते. रोज सकाळी तिचा फोन येतो, "आज्जी, माझी पूजा झाली. तुझा देव जागेवर हाय ना?"

मी गळ्याला हात लावते, "हाय हाय" म्हणते. आणि फोन ठेवला, की खात्रीसाठी एकदा फ्रीजही उघडून बघते!