पडीक माळ

आमच्या माळावर जेसीबीने ओळीने खड्डे घेतलेत. सरपंच अभिमानाने म्हणाले, "सर, जागा नुसती पडीक होती. पावसाळ्यात झाडं लावू. तुमच्या पक्ष्यांचीच सोय!"

पडीक! दर थंडीत चंडोलांचे थवे डोंगर, वाळवंटं ओलांडून याच माळावर उतरतात. चिमणीएवढा, मातीच्या रंगाचा जीव. गवताचं बी टिपतो, ढेकळाआड झोपतो आणि झाडाकडे ढुंकूनही बघत नाही. हे सांगून सांगून माझा घसा बसला. पण ऐकतंय कोण? झाड लावताना फोटो निघतो. राखलेल्या गवताचा कसला काढणार?

तेवढ्यात एक थवा आला. खड्ड्यांवरून घिरटी घालून, न उतरताच निघून गेला.

सरपंचांनी टाळी वाजवली. "बघा सर, आले की नाही पक्षी?"