सोनेरी टोकाच्या वायरीची निकाली कुस्ती

आमच्या तालमीत व्हिडिओ आला तेव्हा पेठेत माझी ओळख एकच होती: पत्रकवाला. रॉकेलचं माप असो की दुधातलं पाणी, मी सायक्लोस्टाईलचं पत्रक काढून चौकात वाटणार हे ठरलेलं.

व्हिडिओ वर्गणीतून घेतला होता. मैदानातल्या कुस्त्यांच्या कॅसेट लावायच्या, कोण कुठं चुकलं ते पोरांनी बघायचं, एवढाच हेतू. व्हिडिओ टीव्हीला जोडायची साधी वायर खोक्यातच मिळाली होती. चित्र स्वच्छ दिसत होतं. आणि चार दिवसांनी ज्याच्याकडनं व्हिडिओ घेतला तो दुकानदार शेठ स्वतः तालमीत हजर. हातात बोटाएवढी जाड परदेशी वायर, कागदी वेष्टणातली; बाहेर डोकावणाऱ्या दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा.

"ती साधी वायर टाका काढून. चित्राचा जीव जातोय तिच्यातनं."

किंमत ऐकून माझं डोकं फिरलं. तेवढ्या पैशात तालमीतल्या गरीब पोरांची महिन्याची थंडाई निघाली असती. बदाम, खसखस, दूध, सगळं. पण कारभारी मंडळी माना डोलवायला लागली. सोनं दिसलं की आमच्या गावाची मान आपोआप हलते.

"सोन्यानं चित्रात काय फरक पडतो?" मी विचारलं.

"तुला काय कळतंय त्यातलं? डोळ्याला दिसतंय की!" शेठ उसळला.

दुसऱ्या दिवशी माझं पत्रक पेठभर. मथळा: 'सोन्याची टोकं, गिऱ्हाइकाला टोपी!' संध्याकाळी शेठ तेच पत्रक फडकवत तालमीत आला.

"हे सिद्ध करून दाखव. न्हाईतर चौकात कर्णा लावून माझी माफी मागायची. हाय तयारी?"

"हाय. आणि सिद्ध झालं तर?"

"तर वायर परत नेतो, आन् पोरांची महिनाभर थंडाई माझ्याकडनं."

पंच म्हणून आमचे वस्ताद उभे राहिले. कान चुरगळलेले, बोलणं मोजकं; शुक्रवारची नमाज आटोपली की थेट आखाड्यात येणारा माणूस. म्हणाले, "कुस्ती निकाली हुईल. बरोबरीत सोडणार न्हाई."

रविवारी दुपारी तालीम खच्चून भरली. टीव्हीची काच तेवढी पुढं, बाकी सगळं घोंगड्याआड. आत एकटे वस्ताद आणि दोन्ही वायरी. ते वायर बदलणार, शेठनं बाहेरून कुठली ते ओळखायचं.

कॅसेट सुरू झाली. शेठनं डोळे बारीक केले. "ही साधी. माती बघा, कशी फिक्की."

घोंगडं हललं. चित्र गेलं, परत आलं.

"आली! ही परदेशी! लाल माती कशी उठून दिसतीया!"

तालमीत शिट्ट्या. आणि खरं सांगतो, मलाही माती लाल दिसली. कर्ण्यापुढं उभा राहून माफी मागणारा मीच मला दिसायला लागलो. शेजारचा पैलवान कानात म्हणाला, "पत्रकवाले, भाषण पाठ करा."

पुन्हा घोंगडं हललं. "आता साधी!" पुन्हा हललं. "आता परदेशी!" शेठला एकदाही अडखळावं लागलं नाही.

मग वस्तादांनी घोंगडं ओढून खाली टाकलं. टीव्हीला साधी वायर जोडलेली. सोनेरी वायर त्यांच्या खांद्यावर, कागदी वेष्टणासकट. वेष्टण फोडलेलंच नव्हतं.

"एकच वायर काढत हुतो, घालत हुतो," वस्ताद म्हणाले. "हूल दिली."

एक क्षण कुणाला कळेना. मग असा गलका उठला की बाहेरची म्हैस बुजली.

"ही फसवणूक हाय!" शेठ ओरडला. "माझी वायर लावलीच न्हाई!"

"लावा!" मीही ओरडलो. "आत्ता लावा! घोंगडं टांगा परत!"

वस्तादांनी वेष्टण फाडलं, ते आमच्याकडं फेकलं आणि घोंगड्याआड गेले. चित्र गेलं, आलं. गेलं, आलं. शेठ काचेला नाक लावून बसला. घाम पुसला.

"बोला की शेठ, डोळ्याला दिसतंय न्हवं?" मागून कुणीतरी हाक दिली.

शेठनं बाहीनं काच पुसून बघितली. मी काचेकडं डोळे फाडून बघत होतो. तीच माती, तोच लाल. आता सोनं आत आहे की बाहेर, अख्ख्या तालमीत कुणाला सांगता येईना.

आतून वस्तादांचा आवाज आला, "शेठची पाठ मातीला लागली."

पोरांनी मला खांद्यावर घेतलं. माझं डोकं तुळईला आपटलं, तरी मी हसत होतो.

शेठ मात्र शब्दाला जागला. सोमवारीच बदामाची पिशवी घेऊन आला. वस्तादांनी थंडाईचा पहिला पेला त्यालाच दिला. "घ्या शेठ, तुमचीच हाय." तो प्याला, मिशी पुसली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "तू दुकानाकडं फिरकू नगंस."

मी दुसऱ्याच दिवशी फिरकलो. दाराबाहेर उभा राहून नवं पत्रक वाटलं. त्यात दोनच ओळी होत्या: 'आधी वायर झाका, मग चित्र बघा. फरक दिसला तरच पैसे मोजा.'