न्याय, धैर्य आणि पांढरं कपाळ

त्या वेळी मी धारमधल्या एका सरदारांकडे नक्षीकामाच्या चाकरीत होतो. दिवाणखान्याच्या दारावर घराण्याचं नवं चिन्ह रंगवायचं ठरलं आणि कारभाऱ्यांनी नमुना म्हणून तपकिरी शाईतलं एक चित्र माझ्यापुढे टाकलं. इटलीकडचं, तीनशे वर्षांपूर्वीचं. मधे ढाल, भोवती वळणावळणाची महिरप, वर गुटगुटीत पोरं, आणि दोन बाजूंना दोन धिप्पाड बाया. एकीच्या हाती तराजू, दुसरी खांबाला टेकलेली.

"ह्या बाया नव्हेत, गुण आहेत," कारभारी म्हणाले. "एक न्याय, एक धैर्य. आपल्याकडच्या दिसतील असं करा."

केलं की! ढालीवर सरदारांची तलवार काढली, बायांना नऊवारी नेसवली, नथी घातल्या. जरीचे काठ काढताना तर मी स्वतःवरच खूश होतो. सकाळी कागद सरदारांकडे पोचवला आणि घरी येऊन जेवायला बसलो.

भात वाढता वाढता आमची मंडळी म्हणाली, "अहो, कुंकू कसं काढलंत? आडवं की गोल?"

हातातला घास हातातच राहिला. मूळ चित्रात कपाळं कोरी, म्हणून माझ्या बायांचीही कोरीच!

"अगं बाई!" ती मटकन खालीच बसली. "तिकडे सरदार आठ दिवस तापानं फणफणलेत, घरात दोन बाईसाहेब, आणि तुम्ही ढालीशेजारी दोन पांढरी कपाळं उभी करून आलात?"

"अगं, ते गुण आहेत. न्यायाला कुठला आलाय नवरा!"

"नऊवारी नेसवलीत ना? मग झालं तर!"

तसाच उठलो. भर उन्हात धावत देवडीवर पोचलो, तर पहारेकरी म्हणतो, "भिया, कागद तो अंदर गया. दोनों बाईसाहेब देख रही हैं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. चाकरी गेलीच, वर सरदारांचं बरंवाईट झालं तर गावभर माझ्याच नावानं खडे फुटणार. कसला शहाणा मी! देवडीतल्या ओट्यावर बसून नुसता घाम पुसत राहिलो.

बऱ्याच वेळानं आतली दासी कागद घेऊन आली. दोन्ही कपाळांवर कुंकू होतं, बोटानं टेकवलेलं. न्यायाचं ठसठशीत गोल. धैर्याचं थेट भुवईपर्यंत फरफटलेलं. हे बोटही बारीक.

"थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या, चित्र छान झालंय, दारावर असंच उतरवा," दासी म्हणाली. मग आवाज खाली आणून, "आणि धाकट्या विचारतायत, हे पुसलं तर जाणार नाही ना?"

धाकट्या जेमतेम सतरा वर्षांच्या. इतका वेळ मी चाकरीला रडत होतो, लाज वाटली मला. कागदावर नुसतं कोरडं कुंकू होतं, खाली ते धरून ठेवायला मेण नाही; जरा हलवलं की झडणारं.

"नाही जायचं, अजिबात नाही. सांगा त्यांना," मी म्हणालो, आणि कागद दोन्ही हातांवर आडवा धरून, श्वास रोखून बाहेर पडलो.