गुडघ्यांवरचा नवस

देव ऐकत नाही, असं मला वाटायला लागलं तेव्हा माझी थोरली लेक पटकीनं जाऊन महिना झाला होता. सकाळी अंगणात खेळत होती, दिवेलागणीला गेली. मला रडू आलंच नाही बघा. डोळे कोरडे, तोंड कोरडं, आणि हळूहळू छातीतलं दूधही आटलं. मांडीवर चार महिन्यांचा मुलगा होता. तो चोखायचा, काही मिळेना की किंचाळायचा, मग दमून गप्प व्हायचा. त्याचं ते गप्प होणं मला किंचाळण्यापेक्षा भयंकर वाटायचं. शेळीचं दूध पाजून पाहिलं, तेही पोटात ठरेना.

आमचं घर कोलशेतला, खाडीकाठी. घरधनी मिठागरावर कामाला. ते म्हणायचे, "अगं, दोन घास खा तरी." पण ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालू होते, आणि मी तर त्याहून कडक उपास धरला होता. मला वाटे, देहाला जितकं कष्टवीन तितका आत्मा वर चढेल आणि देवाला माझी दया येईल. लेकीच्या वेळी मी कमी पडले, आता मुलाच्या वेळी पडायचं नाही. नवस बोलले, की खाडीच्या वाटेवरच्या क्रुसापर्यंत गुडघ्यांवर जाईन, पण दूध परत दे.

एका सकाळी पोराला पाठीशी बांधून निघाले. वाट खडीची, वर मिठाचा खार साचलेला. थोड्याच वेळात गुडघे फुटले आणि त्या खारानं असं झोंबलं की डोळ्यांपुढं अंधारी आली. प्रार्थना म्हणू गेले तर शब्द आठवेनात. मनात एकच येत होतं, की तू नाहीसच. आणि असशील तर फार निष्ठुर आहेस. क्रूस समोर दिसत होता, पण तिथंच मी कोसळले.

समोरून एक कोळीण येत होती. कमरेवर विहिरीच्या गोड्या पाण्याची घागर. ओळख ना पाळख.

"अगो बाय, गुडघ्यांवर कुठं निघालीस? तुज्या देवाला चालनारी मानसं चालत नाय काय?"

मी म्हटलं, "दूध आटलंय. देवासाठी उपास धरलाय."

ती पाठीवरच्या पोराकडं वाकून बघत राहिली. "आनि या पोरानं कुनासाठी धरलाय गो?"

तिनं घागर उतरवली आणि लांबून आणलेलं ते पाणी माझ्या गुडघ्यांवर ओतलं. हातानं खडे काढले. मग विचारलंही नाही, पोराला सोडवून घेतलं, तिथंच बसली आणि पदराआड धरलं. "माजा घरी झोपलाय, पोटभर पिऊन," म्हणाली. परक्या धर्माची बाई, सासू काय म्हणेल, सगळं मनात आलं. पण पोराच्या गिळण्याचा आवाज ऐकला आणि माझा बांध फुटला. महिनाभराचं रडणं त्या वाटेवर बाहेर पडलं. लेकीचं नाव घेऊन घेऊन रडले.

तिनं मला आधार देऊन आपल्या झोपडीत नेलं आणि मीठ घातलेली तांदळाची पेज पाजली. पुढं ती रोज आमच्या घरी येऊन पोराला पाजून जायची आणि मला दरडावून जेवू घालायची. मग एक दिवस माझी चोळी दुधानं ओली झाली.

त्या दिवशी क्रुसापर्यंत मी पोचलेच नाही. पुढं कितीदा त्या क्रुसापाशी जाऊन बसले तेव्हा मनात आलं, प्रभू देह घेऊन आला, म्हणजे तोही कधी आईच्या दुधासाठी रडला असेल. आणि मी त्याच्याच नावानं देहाला उपाशी मारत होते! देह रडला, मग मन हललं, आणि आत्मा सगळ्यांत शेवटी आला, लंगडत. त्याला मी ओढून आणलं नाही. मी फक्त खाली पडले, उचलणारा प्रभू.

लेकीचं दुःख गेलं नाही. या वयातही दिवेलागणीला छाती भरून येते. मुलगा जगला, त्याबद्दल त्या प्रभूचे आणि त्या माउलीचे उपकार फिटायचे नाहीत. पण एक झालंय. कुणी बाई रडवेली होऊन माझ्याकडं प्रार्थनेला आली, की हात जोडायच्या आधी मी विचारते, "जेवलीस का गं?"